उसनी साक्ष

दिवाळीच्या सुटीत मुलांनी काय करावे, याबद्दल त्या काळी फारसे दुमत नव्हते. अंगणात मातीचा किल्ला बांधावा, फराळावर ताव मारावा आणि शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री सुटीचा सगळा अभ्यास एका बैठकीत लिहून काढावा. १९६४ सालच्या दिवाळीत मात्र आम्ही अकरा मुलेमुली एक हार्मोनियम, एक मृदंग, झांजांचे दोन जोड आणि पुस्तिकांचे एक जड गाठोडे घेऊन पुण्याच्या एस. टी. स्टँडवर उभे होतो. आमच्या मंडळीचा तरुण संघ दौऱ्यावर निघाला होता. वाई, सातारा, इस्लामपूर, मिरज आणि शेवटी सांगली, असा दहा दिवसांचा बेत. गावोगाव जायचे, भजने म्हणायची, शुभवर्तमान सांगायचे आणि साक्ष द्यायची.

मी सोळा वर्षांचा होतो आणि माझी अडचण या शेवटच्या शब्दात होती.

ख्रिस्ती घरांत न वाढलेल्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते चारचौघांपुढे उभे राहून सांगायचे, ती साक्ष. आमचे मास्तर (शाळेत ते गणित शिकवीत आणि शब्बाथशाळेत दहा आज्ञा) यांनी तिचे गणितासारखेच तीन भाग पाडून दिले होते. आधी मी कसा होतो, मग काय घडले आणि आता मी कसा आहे. दौऱ्याच्या आधी महिनाभर दर शनिवारी त्याचा सराव चाले. संघातल्या एका मुलाचे वडील दारू सोडून मंडळीत परत आले होते. त्याच्या साक्षीला सगळे डोळे पुसत. एका मुलीची आई तिच्या लहानपणीच गेली होती. तीही बोलू लागली की खोली शांत होई. माझ्याजवळ काय होते? आजोबांपासूनचे ख्रिस्ती घर. दर रविवारी धुतलेला सदरा, उपासना, घरी आल्यावर मटण. आधी मी कसा होतो, तर असाच होतो. आता कसा आहे, तर तेव्हाच्यापेक्षा दोन इंच उंच.

एक गोष्ट मात्र घडली होती. बाराव्या वर्षी मला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस ताप उतरला नाही, आईने रात्रीमागून रात्री उशाशी बसून काढल्या. तेवढे भांडवल खरे होते. त्यावर मी कर्ज काढले. गाठोड्यातल्याच एका पुस्तिकेत परदेशातल्या एका आजारी माणसाची हकीकत होती. मध्यरात्री त्याला कोणीतरी नावाने हाक मारली आणि ‘भिऊ नकोस’ असे म्हटले, दुसऱ्या दिवशी त्याचा ताप उतरला. ती हाक मी उचलली आणि माझ्या तापाला जोडून दिली. पहिल्यांदा म्हणून दाखवली तेव्हा मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मावशींनी (मास्तरांच्या पत्नींना आम्ही सारे मावशी म्हणत असू, मुलींच्या सोबतीला म्हणून त्या दौऱ्यावर आल्या होत्या) माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग माघार कशी घेणार?

वाईला मिशन हॉस्पिटलच्या आवारात आमचा मुक्काम होता. वाईच्या घाटावर उभे राहून पुण्याच्या पोरांनी धर्म सांगावा, हा प्रकारच धाडसाचा. ज्या गावी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांसारखे पंडित राहत, जेथे प्राज्ञपाठशाळेत वेद आणि शास्त्रे यांची चर्चा चाले, तिथल्या घाटावर आमची झांज वाजली तेव्हा धुणे धुणाऱ्या बायकांनीही क्षणभर हात थांबवले नाहीत. एक वृद्ध गृहस्थ संध्या आटोपून आमच्याजवळ आले, दोन भजने शांतपणे ऐकली आणि ‘चाल चांगली आहे, तालात मात्र कच्चे आहात’ असे सांगून निघून गेले. आमच्या साऱ्या दौऱ्यातली ती बहुधा सर्वांत रास्त टीका.

पण माझी साक्ष वाईतही रंगली. हॉस्पिटलच्या आवारात संध्याकाळी जमलेल्या मंडळींपुढे मी ती सांगितली आणि हाकेच्या ठिकाणी मुद्दाम थोडा थांबलो. थांबण्याने परिणाम वाढतो हे मला तिथे कळले. साताऱ्यास पोचेपर्यंत त्या हाकेबरोबर खोलीत मंद उजेडही पडू लागला होता.

साताऱ्यात मास्तरांनी आम्हांला रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगितली. आम्हांला टिळक माहीत होते ते गायनांच्या पुस्तकातून. ज्यांची पदे म्हणत आम्ही लहानाचे मोठे झालो ते हे टिळक आयुष्याच्या अखेरीस नगर सोडून साताऱ्यास आले, एवढेही आम्हांला ठाऊक नव्हते. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बावीस वर्षे मिशनमध्ये काढली. आणि १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचे वेतन सोडून, संन्यस्त वृत्तीने राहून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. पगार घेऊन धर्म सांगणारा माणूस आणि परदेशी साच्यातला ख्रिस्त या दोन्हींचा त्यांना वीट आला होता. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. तेव्हा तो पूल मोडून टाका असे कोणी सांगितले तर ते त्यांना कसे पटावे? पुढे दोन वर्षे पुरी व्हायच्या आत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबार उभा राहता राहता राहिला.

मास्तर हे सांगत असता मी ऐकत होतो असे म्हणणे ही आणखी एक खोटी साक्ष ठरेल. मी दुसऱ्या दिवशीच्या थांब्यांचा विचार करीत होतो. टिळक मला खऱ्या अर्थाने भेटले ते पुढे, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली तेव्हा. आणि खरे सांगायचे तर टिळकांपेक्षाही लक्ष्मीबाईच अधिक भेटल्या. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको ख्रिस्ती झाली, असा सोपा हिशेब त्या बाईने मांडला नाही. नवऱ्याची साक्ष तिने उसनी घेतली नाही. काही वर्षे दूर राहिली, परत आली ती आपले सोवळे घेऊन आली, आपली चूल वेगळी ठेवली. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःशीच भांडून सोडवला आणि सुटल्यावरच पुढचे पाऊल टाकले. तिचा बाप्तिस्मा १९०० सालचा. नवऱ्याच्या मागून पाच वर्षांनी. एवढी विद्वान माणसे घरी येत असता, एवढा मोठा कवी शेजारी बसलेला असता, आपल्याला जे पटलेले नाही ते पटले असे न म्हणणे, याला केवढे बळ लागत असेल!

पंडिता रमाबाईंचेही तसेच. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडात १८८३ साली झाला. पण पुढे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले की तेव्हा आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो भेटायला आणखी आठ वर्षे लागली. जगभर नाव झालेल्या बाईने हे कबूल करावे! १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगायला कोण जाईल असे विचारले, तेव्हा तीस जणी पुढे झाल्या. दुष्काळातून वाचवून आणलेल्या, बहुतेक आमच्याच वयाच्या मुली असतील त्या. त्यांना साक्षीसाठी पुस्तिका चाळावी लागली नसेल, असे मनात येते. उपास म्हणजे काय ते त्यांच्या पोटाला माहीत होते.

असो. सोळाव्या वर्षी यातले काही मला ठाऊक नव्हते. आमची मोटार साताऱ्याहून निघाली, कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा संगम ओलांडून गेली आणि आम्ही इस्लामपूरला उतरलो.

हा सगळा मुलूख मुळात एकच. १९४९ मध्ये साताऱ्याचे दोन भाग झाले, खालच्याला दक्षिण सातारा म्हणू लागले आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. आमच्या वेळी गावातले म्हातारे अजून ‘आमचा सातारा जिल्हा’ असेच म्हणत. या इस्लामपूरशी एक अशी हकीकत निगडित आहे की ती आमच्या मास्तरांनाही माहीत नसावी, नाहीतर त्यांनी ती सोडली नसती. कोल्हापुरात १८५२ मध्ये वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. लहानपणीच आईबापांबरोबर तो अमेरिकेला गेला. पण कोल्हापूर त्याच्या आणि त्याची बहीण ग्रेस हिच्या मनातून गेले नाही. दोघे भावंडे कॉलेजच्या दिवसांत एकत्र बसून प्रार्थना करीत की अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी आपण होऊन परदेशी सेवेला निघावे. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट हर्मन येथे कॉलेजच्या मुलांचे शिबिर भरले. रॉबर्ट तेथे प्रत्येकाला गाठून बोलत राहिला. शिबिर संपले तेव्हा शंभर मुलांनी आपली नावे दिली होती. पुढे हजारो तरुणांना देशोदेशी घेऊन जाणारी विद्यार्थ्यांची जी चळवळ झाली तिचा आरंभ तो. म्हणजे तरुणांचे दौरे हे जे आम्ही अमेरिकेकडून आलेले समजत होतो, त्याचे मूळ आमच्या शेजारच्याच कोल्हापुरात निघाले! भाऊ जगभर हिंडला; बहीण मात्र परत आली आणि याच इस्लामपूरच्या बाजूला, खेड्यातल्या माणसांत राहून तिने उरलेले आयुष्य काढले. मला भावापेक्षा बहिणीचे अधिक वाटते. शंभर मुलांना उभे करणे कठीण खरेच. पण एका गावात राहायचे म्हणजे काल काय बोललो ते आज निभवावे लागते. दौऱ्यावरच्या माणसाला ती काळजी नसते. तो दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी असतो.

माझ्या साक्षीचे तसेच चालले होते, आणि ते तसेच चालत राहिले असते.

इस्लामपूरपासून दोन-तीन मैलांवरच्या एका वाडीत आम्ही संध्याकाळी गेलो. गुऱ्हाळ नुकतेच सुरू झाले होते. काहिलीत रस उकळत होता, चुलाणात चिपाडे धडधडत होती, आणि त्या उजेडात वीस-पंचवीस माणसे आमच्याभोवती बसली. लोकांनी काकवी दिली, भाजलेल्या शेंगा दिल्या. ज्या अगत्याने त्यांनी आम्हांला घेतले ते पाहून, आपण यांना काहीतरी द्यायला आलो आहोत ही कल्पनाच चमत्कारिक वाटू लागली होती. मी साक्ष दिली. चुलाणाच्या उजेडात ती अशी काही वठली की पूर्वी कधी वठली नव्हती.

सगळे उठल्यावर एक म्हातारा माझ्याजवळ आला. गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर घोंगडे. त्याने अगदी हळू आवाजात विचारले, “लेकरा, त्यो बोल्ला म्हणालास, त्यो मराठीतच बोल्ला न्हवं?”

मी गोंधळलो. पुस्तिकेतल्या माणसाला हाक कुठल्या भाषेत आली हे मी कधी मनातच आणले नव्हते. मी म्हणालो, “होय, आजोबा.”

“मग माज्यासंगं चल. आमच्या म्हातारीला तेवढं सांग.”

मास्तरांना विचारून तो मला आपल्या घरी घेऊन गेला. दारात पणती होती. आत बाजेवर त्याची बायको पडून होती. पोटात गोळा झाला होता. गावच्या वैद्याने हात टेकले होते, आणि मिरजेच्या मिशनमध्ये न्या, असे इस्लामपूरच्या डॉक्टरने दोनदा सांगितले होते. पण म्हातारी कापायच्या नावाने घाबरत होती. मी बाजेशी बसून पुन्हा ते सगळे सांगितले. ताप, रात्र, हाक, ‘भिऊ नकोस’, सकाळी उतरलेला ताप. तिने माझा हात धरून ठेवला होता. हाताची कातडी कागदासारखी लागत होती. सांगून झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “मग आता मिरज ऱ्हाऊ द्या. मला बी आवाज ईल. त्यो आल्यावर बघू.”

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्याने मला दोन मुठी शेंगा दिल्या. त्या मी परत येताना वाटेत खाल्ल्या, हेही सांगितले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मिरजेला पोचलो.

मिरजेचे मिशन हॉस्पिटल म्हणजे त्या भागात नुसते ‘मिशन’. हे ज्याने उभारले तो विल्यम वॉनलेस हाही त्याच विद्यार्थी-लाटेच्या दिवसांतला. १८६५ साली कॅनडात जन्मला, वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८८९ मध्ये, बायकोसह या बाजूला आला, आधी सांगलीत दवाखाना घातला आणि मग मिरजेत जागा मिळवून १८९४ मध्ये हॉस्पिटल उघडले. तीन वर्षांनी तिथेच इथल्या मुलांना डॉक्टरी शिकवायला वर्ग काढला. कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला. १९२८ मध्ये सर ही पदवी मिळवून तो परत गेला तेव्हा दूरदूरच्या संस्थानांतून माणसे मिरजेला शस्त्रक्रियेसाठी येत होती. गाडी करून, डोलीतून, आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून. वॉनलेस धर्मोपदेश करीत असेच. पण मिरजेच्या पंचक्रोशीत त्याचे नाव कोणी उपदेशासाठी काढत नाही. पोटातला गोळा काढणारा, मोतीबिंदू काढणारा म्हणून काढतात. ही त्याची साक्ष म्हणायची तर तिच्यात उसने काही नाही.

आम्हांला वॉर्डांतून फिरून गाणी म्हणायची होती. नातेवाइकांनी आवारात झाडांखाली तीन दगडांच्या चुली मांडल्या होत्या, भाकऱ्यांचा वास येत होता. बायकांच्या वॉर्डाबाहेर एक तरुण डॉक्टर एका शेतकऱ्याशी बोलत होते. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “महिनाभर आधी का नाही आणलंत?” एवढेच ते म्हणाले. शेतकऱ्याने उत्तर दिले नाही. पागोटे काढून हातात घेतले आणि तो तसाच उभा राहिला.

त्या दिवशी मी गाण्यात तोंड हलवीत होतो, आवाज निघत नव्हता.

आध्यात्मिक अनुभव म्हणून जे वर्णन केले जाते ते माझ्या वाट्याला आले असेल तर ते त्या रात्री, आणि ते मुळीच रम्य नव्हते. उजेड पडला नाही. हाक आली नाही. उलट, हाक यावी म्हणून मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडलो होतो. आता जर खरोखरच आवाज आला तर माझे खोटे खरे ठरेल, असा बेरकी विचार मी करीत होतो. देवाशी मी तडजोड करू पाहत होतो. बाजूला दहा मुले घोरत होती. आणि माझ्या डोळ्यांपुढे एक म्हातारी, जी त्याच वेळी, पंचवीस-तीस मैलांवर, माझ्यासारखीच कान देऊन पडली असेल. आम्ही दोघेही एकाच आवाजाची वाट पाहत होतो. फरक एवढाच की तो आला नव्हता हे मला माहीत होते, तिला नव्हते.

पहाटे मी मास्तरांना उठवले आणि सांगितले.

ते रागावतील, हात उगारतील अशी माझी समजूत होती. त्यांनी अंधारात चष्मा शोधला, तो डोळ्यांवर चढवला आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चूक माझी पण आहे. तीन भाग पाडून दिले ते मी. तुझ्याजवळ एकच होता, तर तेवढा सांग असं म्हणायला पाहिजे होतं.” मग कोट घालत म्हणाले, “पहिली मोटार किती वाजता आहे बघ.”

इस्लामपूरला उतरून आम्ही वाडीपर्यंत चालत गेलो. वाटेत ते एक शब्दही बोलले नाहीत. दाराशी आल्यावर मात्र थांबले आणि मला म्हणाले, “मी बाहेर उभा राहतो. हे तुझं तू सांगायचंस.” माणसाला त्याच्या अपमानात एकटे सोडणे ही कधी कधी फार मोठी मर्जी असते. पण ते मला पुष्कळ वर्षांनी पटले. त्या क्षणी मला ते क्रूर वाटले.

म्हातारा ओट्यावर दोर वळत बसला होता. मी त्याला सांगितले. आजोबा, मला कोणी हाक मारली नाही, ती गोष्ट एका पुस्तकातली होती. त्याचे हात थांबले. मी शिवीची वाट पाहत होतो. त्याने विचारले,

“आन् ताप? ताप तरी खरा हुता का?”

“ताप खरा होता.”

“मग त्यातनं उठीवलं कुणी तुला?”

“डॉक्टरांनी औषध दिलं. आणि आई बसली होती. एकवीस दिवस.”

“मग त्येच सांग की तिला,” तो म्हणाला. “तेवढं तर खरं हाय न्हवं? चल आत.”

मी आत गेलो. बाजेशी बसून सांगितले की आवाज आला नव्हता, मी खोटे बोललो होतो. मला औषधाने बरे वाटले आणि आई सोडून गेली नाही. म्हातारी माझ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. तिला फसवल्याचे दुःख झाले की नाही ते मला कळले नाही. मग तिने जे विचारले त्याची मला कल्पनाच नव्हती. ती म्हणाली, “सुई लई दुकती का रं?”

मी म्हणालो, “दुखते, आजी. पण थोडा वेळ.”

देवावर विश्वास आहे का असे मला कोणी आज विचारले, तर ते वाक्य माझ्या आठवणीत येते. सोळा वर्षांच्या आयुष्यात धर्माच्या नावाने बोललेले ते माझे पहिले वाक्य असेल की ज्यातला शब्दन् शब्द मला माहीत होता. त्यात देवाचे नाव नव्हते. मास्तरांनी नंतर आत येऊन प्रार्थना केली. म्हाताऱ्याने विठ्ठलाचे नाव घेतले. दोन्ही एकाच खोलीत झाले आणि कोणाचेच काही बिघडले नाही. टिळकांच्या दरबाराची कल्पना मला पुढे पुस्तकात वाचून जेवढी समजली, त्याहून जास्त त्या खोलीत समजली होती असे वाटते.

दुसऱ्या दिवशी ती दोघे मिरजेला आली. बरोबर पुतण्या होता आणि भाकऱ्यांचे गाठोडे. मी आवारात त्यांच्यासाठी चुलीचे तीन दगड शोधून आणले. मावशी म्हातारीजवळ रात्री बसल्या. शस्त्रक्रियेचा दिवस आमच्या निघण्यानंतरचा होता.

या सर्व प्रकारात कोणाचे धर्मांतर झाले नाही, हे येथे नमूद करून ठेवतो, कारण अशा दौऱ्यांची हकीकत म्हटली की दोन्ही बाजूंचे वाचक तेवढेच शोधतात. एकाला आकडा हवा असतो, दुसऱ्याला पुरावा. आमच्या वेळी वातावरण तापलेलेच होते. आठ वर्षांपूर्वी, १९५६ मध्ये, मध्य प्रदेशात नियोगी समितीचा अहवाल निघाला होता आणि मिशन हा शब्द उच्चारताना लोक एकमेकांकडे बघत. काही शंका रास्त होत्या, असे माझे आजचे मत आहे. पैसा घेऊन बोलणारा, दुसऱ्याच्या दुखण्याचा आपल्या बोलण्यासाठी उपयोग करणारा, हे आरोप बाहेरच्यांनी करण्याआधी टिळकांनी आतून केले होते. मी तर काकवीच्या मोबदल्यात तेच केले होते.

शेवटचा मुक्काम सांगलीला. तिथल्या मंडळीत संध्याकाळी सभा होती, चांगली शंभर माणसे होती. अनुक्रमाने माझी पाळी आली. मास्तरांनी माझे नाव यादीतून खोडले नव्हते. मी उभा राहिलो. गुडघे कापत होते. थांबण्याच्या युक्तीची गरज पडली नाही, शब्दच येत नव्हते. मी म्हणालो, “मी बारा वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला होता. माझ्या आईने एकवीस रात्री जागून काढल्या. मी बरा झालो. मला आवाज ऐकू आला असं मी वाईला, साताऱ्याला आणि इस्लामपूरला सांगितलं, ते खरं नव्हतं.” आणि बसलो. सभेत कोणी डोळे पुसले नाहीत. मागे कोणीतरी खोकले. मास्तरांनी हार्मोनियमवर पुढच्या गायनाचा सूर धरला. ज्या मुलाचे वडील दारू सोडून आले होते तो माझ्या शेजारी होता; त्याने माझ्या पुढ्यात झांज सरकवली.

नाताळच्या आठवड्यात मास्तरांच्या पत्त्यावर एक कार्ड आले. शाळकरी मुलाच्या अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेले. म्हातारी घरी आली, हिंडूफिरू लागली, गूळ पाठवत आहोत, पुण्याच्या पोराला द्यावा. गूळ खरोखरच आला. मास्तरांनी ढेप फोडून तिचे अकरा भाग केले आणि तराजू आणून ते तोलले. गणिताचे मास्तर ते.

आज या गोष्टीला साठ वर्षे होऊन गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीत घराघरांत गाळ भरला, तेव्हा माझा नातू आपल्या मंडळीच्या मुलांबरोबर फावडे घेऊन तिकडे गेला होता. आठ दिवसांनी परत आला तो पायाला चिखल्या घेऊन. तिथे साक्ष दिलीत का, असे मी विचारले. तो म्हणाला, “आजोबा, वेळच नव्हता हो.” आणि झोपी गेला.

मास्तरांनी दौऱ्याचा अहवाल जानेवारीत मंडळीपुढे वाचला होता. त्याची प्रत पुढे त्यांच्या कागदांत मला सापडली. गावे, सभा, वाटलेल्या पुस्तिका, झालेला खर्च, सारे तपशीलवार होते. सांगलीच्या सभेखाली एकच ओळ होती: ‘एका मुलाची साक्ष फार थोडक्यात आटोपली. ती चांगली झाली.’